शाळेच्या सभेत मी नाही म्हणालो

आमच्या धाकट्या लेकीच्या वर्गात हजेरीची एक वेगळीच रीत होती. बाई नाव घ्यायच्या आणि पोरांनी 'हजर' म्हणायचं नाही, तर शाळेत येताना रस्त्यात काय पाहिलं ते एका वाक्यात सांगायचं. कुणी सांगायचं, नाल्याच्या कठड्यावर बगळा बसला होता. कुणी सांगायचं, दूधवाल्याची स्कूटर सुरूच होत नव्हती. वर्ग मोठा, त्यामुळे पहिला तास निम्मा हजेरीतच जायचा आणि मुख्याध्यापक त्यावर कुरकुर करायचे. बाईंनी रीत सोडली नाही. तिच्यात नियम एकच होता, दुसऱ्याचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. बोलणारा थांबला तर सगळ्यांनी थांबायचं.

हा नियम माझ्या लेकीसाठी केला होता, पण बाईंनी तसं वर्गात कधी बोलून दाखवलं नाही. माझी लेक अडखळत बोलते, अगदी लहानपणापासून. शब्दाच्या सुरुवातीला प, क, त अशी अक्षरं आली की तोंडातच अडकतात. मान एका बाजूला ओढली जाते, डोळे मिटतात, आणि शब्द काही बाहेर येत नाही. मोठी दोन पोरं मला पप्पा म्हणतात. ही सहा वर्षांची असल्यापासून आबा म्हणते. मला वाटायचं, लाडानं म्हणते. खरं कारण, 'पप्पा'तला प, बायकोनं सांगितलं, तेही फार उशिरा.

माझा धंदा बोलण्याचा आहे. साताऱ्याकडच्या खेड्यातून मी इथे, वाशीच्या बाजारात, आलो तेव्हा कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहायचो. वाहता वाहता शेठ लोकांचं बोलणं ऐकत गेलो. कोण कधी चढतो, कोण कधी नरमतो, हे गोणीखालून चांगलं दिसतं. पुढे एका गाळ्यात भागी मिळाली, मग घणसोलीत फ्लॅट घेतला. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही, आणि तोंड नसतं तर मी आजही गोण्याच वाहत असतो. समोरचा अर्धं बोलला की पुढचं अर्धं मला कळतं. घरीही तसंच चालायचं. लेक 'पा' वर अडकली की मी पाण्याचा तांब्या पुढे करायचो. घरात तिचं एकही वाक्य पुरं होत नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

सहावीत ती त्या बाईंच्या वर्गात गेली. बाई मराठी शिकवायच्या. रत्नागिरीकडच्या, बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घालणाऱ्या. पहिले काही महिने लेक हजेरीला नुसती उभी राहायची. वर्ग थांबायचा. बाई थांबायच्या. शेवटी मान हलवून ती बसायची. मला हे कळलं तेव्हा मी शाळेत भांडायलाच गेलो. म्हटलं, "पोरीची रोज सकाळी अशी फजिती करता?" बाई म्हणाल्या, "फजिती घाई केली की होते. आम्हाला घाई नाही." मी पुढचं बोलणार होतो, पण त्या इतक्या शांतपणे माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या की मला काही सुचलंच नाही. बाजारात असं माझं कधी झालेलं नाही.

त्याच वर्षी पोरगी बोलायला लागली. एके दिवशी शाळेतून आली ती हसतच. रस्त्यात दोन माणसं गाडी लावण्यावरून भांडत होती, आणि ती भांडत असताना तिसऱ्यानं येऊन त्या जागेत आपली गाडी लावली, असं तिनं हजेरीला सांगितलं होतं. सगळा वर्ग हसला होता. तिला नाही, त्या गोष्टीला. तेच वाक्य तिनं घरी मला परत सांगितलं. तीन ठिकाणी अडली, पण थांबली नाही. माझ्या पोरीच्या तोंडून विनोद ऐकण्याची माझी ती पहिली वेळ. सातवीत गेल्यावर वर्गाबरोबर बाईही वर आल्या. त्यांनी तशी मागणीच केली होती.

मग रोग आला आणि शाळा बंद झाल्या.

त्या दिवसांबद्दल बरंच बोलून झालंय, मी माझ्यापुरतं सांगतो. बाजार मधले काही दिवस सोडले तर चालूच होता. लोकांना जेवायला लागतं. पहाटे मी तोंडाला फडकं बांधून निघायचो आणि दुपारी परत आलो की सोसायटीच्या गेटवर मला अडवायचे. कमिटीचा ठराव होता, मार्केटवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही. सातवा मजला चढायचा, तोही मागच्या जिन्यानं. त्याआधी पाण्याच्या टाकीपाशी, वॉचमनच्या देखत, नळाखाली हातपाय धुवायचे. ज्यांनी ठराव केला त्यांच्याच बायका इंटरकॉमवरून माझ्या बायकोला विचारायच्या, "वहिनी, कांदे मिळतील का हो दोन किलो? दारात ठेवा, आम्ही नंतर घेतो." बायको ठेवायची. मी म्हणायचो, देऊ नकोस. ती म्हणायची, "तुमचा राग कांद्यावर का काढू?" हा राग माझ्या पोटात आजही आहे, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा हात होता असं मला वाटतं.

शाळा फोनवर भरू लागली. त्यात हजेरी म्हणजे पडद्यावर अंगठ्याचं चित्र पाठवायचं. चाळीस पोरं एकदम बोलली तर गोंधळ होतो म्हणून सगळ्यांचे आवाज बंद ठेवायचे, असा शाळेचा हुकूम. माझ्या लेकीला आधी ते बरंच वाटलं. बोलावं लागत नाही, कुणी बघत नाही. बायकोच्या मात्र लवकर ध्यानात आलं. म्हणाली, "पोरगी पुस्तक मोठ्यानं वाचायची, ते बंद झालं. भावंडांशी भांडायची, ते पण बंद झालं." मी म्हटलं, शाळा सुरू झाली की येईल ताळ्यावर. शाळा सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात ती हूं आणि उंहूं यावर आली.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सरकारनं वरच्या वर्गांना परवानगी दिली. लेक तेव्हा नववीत. पण पालकांची संमती हवी होती आणि शाळा आमची लहान, एका संस्थेची. संस्थेनं ठरवलं, पालकांची सभा घ्यायची. बहुमत असेल तर लगेच वर्ग भरवायचे, नाहीतर दिवाळीनंतर बघू.

सभेच्या आदल्या दिवशी बाईंचा बायकोला फोन आला. त्यांची नोकरी दिवाळीच्या सुट्टीला संपत होती. घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिला घेऊन त्या गावी जाणार होत्या. आईमुळे घरी पोरं बोलावता येत नव्हती, पण शाळेत यायला त्या तयार होत्या. बायकोला म्हणाल्या, "मला सुट्टीपर्यंतचे चार आठवडे द्या. समोर. फोनवर नाही. ती परत बोलायला लागेल. एकदा लागली की मग माझी गरज नाही."

बायकोनं मला ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि वर म्हणाली, "उद्या काय वाट्टेल ते करा, पण शाळा उघडून या."

मी म्हटलं, "बघ तू."

आता आमची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ज्या मालावर डोळा आहे त्याच्याकडे बाजारात बघायचं नसतं. भलत्याच गोणीत हात घालायचा, तिला नावं ठेवायची. आणि समोरच्यानं विचारलं, घेणार का, की पहिला शब्द नाही. नाही म्हणायचं, तोंड फिरवायचं आणि गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो उतरला. समोरचाही मुरलेला असेल तर तोही गप्प राहतो, चहा मागवतो, पण सोडून कुणी जात नाही. नाही म्हणजे बोलणी सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. माझं अख्खं आयुष्य या नाहीवर उभं आहे.

सभा शाळेच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली भरली. खुर्च्या लांब लांब, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. समोर मुख्याध्यापक, संस्थेचे एक सभासद, आणि बाजूच्या बाकावर शिक्षक. बाई टोकाला बसल्या होत्या.

आधी आमच्या सोसायटीतलेच एक बँकेतले गृहस्थ उठले. म्हणाले, "मुलांचं एक वर्ष गेलं तर जगबुडी होत नाही. जीव गेला तर परत येत नाही." मागून एक नर्स बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मी दीड वर्ष वॉर्डात काढलंय. जीव काय असतो ते मला सांगू नका. मी ड्युटीला जाते तेव्हा माझी दोन पोरं कुलूपबंद घरात बसतात. त्यापेक्षा इथे खिडक्या उघड्या टाकून बसलेली बरी."

घणसोली गावठाणातली एक आजी नातवासाठी आली होती. तिला बोलायला बोलावलं नव्हतं, तरी ती बोलली. "मास्तर, माजा नातू घरान बसून येडा झाला. मानसाशी बोलत नाय, मोबाईलशी बोलतो. शाला उघडाची त उघडा, नाय त तो मोबाईल तरी तुमी घेवून जा." सगळे हसले. हवा आमच्या बाजूनं होती, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात एका मुलाच्या आई उठल्या. त्यांचा नवरा दुसऱ्या लाटेत गेला होता. त्या फार काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडे हे कामावरून रोग घेऊन आले. आता मुलानं शाळेतून आणला तर घरात मी एकटीच आहे. मला काही झालं तर त्याला कोण?" आणि खाली बसल्या. अंगणात कुणी हललं नाही. त्या बाईंविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तेव्हाही नव्हतं. त्या खरं बोलल्या होत्या.

ती शांतता मोडायला म्हणून मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. "शेठ, तुम्ही बोला. बाजारातल्या सगळ्या पालकांच्या वतीनं बोला. तुमचं काय म्हणणं?"

माझ्या मागे आमच्या बाजारातले पुष्कळ पालक बसले होते. हमाल, तोलणारे, टेम्पोवाले. मी उठलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. ज्या माणसाला लिफ्टमध्ये घेत नव्हते त्याला चारचौघांत विचारत होते. तो बँकवाला मान वळवून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता सौदा आपल्या हातात आहे. आता नुसती शाळा नको, नीट उघडलेली शाळा पाहिजे. खालचा मोठा हॉल पाहिजे, वर्गाचे तीन भाग पाहिजेत, आणि लेकीचा भाग रोज त्याच बाईंकडे पाहिजे. पण हे शेवटचं आधी दाखवायचं नाही. ते दाखवलं की समोरचा ताठतो.

म्हणून मी भलत्याच गोणीत हात घातला. म्हटलं, "सर, शाळेच्या संडासात पाणी नसतं. व्हॅनमध्ये पोरं मेंढरासारखी कोंबतात. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नाहीत, मी स्वतः बघितल्यात. या असल्या तयारीवर पोरं पाठवा म्हणता? नाही. आमच्या बाजारातल्या पालकांतर्फे सांगतो, नाही."

आणि मी गप्प बसलो. हाताची घडी घातली आणि पिंपळाच्या झाडाकडे बघत उभा राहिलो.

आता मुख्याध्यापकांनी म्हणायचं होतं, मग शेठ, काय केलं म्हणजे चालेल? एवढा एक प्रश्न. बाजारातलं शेंबडं पोरगंही तो प्रश्न विचारतं. त्या माणसानं मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. धन्यवाद." आणि लगेच, "दिवाळीपर्यंत थांबावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

माझ्या मागे सगळ्या बाजारानं हात वर केले. पुढे नवरा गेलेल्या त्या बाईंचा हात, बँकवाल्याचा हात, त्यांच्या आजूबाजूचे. मी उभाच होतो. मी "एक मिनिट" असं म्हणालो, मला नक्की आठवतं. पण मास्कमध्ये म्हणालो, आणि तोवर खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. सभा संपली.

मी आधी माझ्या माणसांकडे गेलो. म्हटलं, "अरे, हात कशाला वर केले?"

आमचा एक जुना हमाल म्हणाला, "शेठ, तुमीच नाय म्हणालात."

"ते बोलणं होतं रे! तुला कळत नाही? इतकी वर्षं बाजारात आहेस!"

"बाजारात तुमचं तोंड दिसतं," तो म्हणाला. "हितं मास्क होता. मला वाटलं खरंच नाय."

फाटकाशी बाई निघाल्या होत्या. मी त्यांना गाठलं आणि त्यांच्यावरच ओरडलो. "तुम्ही तरी बोलायचं! तुम्हाला माहीत होतं मी कशासाठी आलोय!" त्यांचा चष्मा वाफेनं धुरकटला होता. तो काढून पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुमचं बोलणं संपलेलं नाही. तुम्ही मध्येच थांबलात. मी वाट बघत होते." त्या सभेत माझं नाही ज्याला अर्धं वाटलं असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला मध्ये बोलायची सवय नव्हती.

मुख्याध्यापकांशी मात्र भांडलो. त्यांच्या खोलीत, दार उघडं ठेवून, सगळ्या शिक्षकांना ऐकू जाईल असं. म्हटलं, "सर, माझं नाही म्हणजे तसलं नाही नव्हतं. माझ्या अटी होत्या."

"मग अटी सांगायच्या होत्या."

"तुम्ही विचारायचं होतं!"

"शेठ, तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. दोनदा म्हणालात. मी तिसऱ्यांदा कशाला विचारू?"

"माझ्या पोरीला त्या बाईंकडे बसायचंय. चारच आठवडे आहेत. उद्या परत सभा लावा."

ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "तुमच्या पोरीचं नाव तुम्ही सभेत काढलंच नाही. आता नवरा गेलेल्या त्या बाईंना मी काय सांगू? बाजारातल्या शेठनं भाव बदलला म्हणून परत बसा?"

भाव बदलला. हा शब्द त्यानं वापरला. मी टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास पडला, शिपाई धावत आला. मग मी पुष्कळ बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं खरं की त्यानंतर त्या माणसानं मला दारात उभं केलं नाही. एकट्या पोरीला बाईंसमोर शाळेत बसू द्या, हे विचारायला मी आणखी दोनदा गेलो. एकीला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल, असं शिपायाकडून कळवलं.

सभेच्या दिवशी घरी आलो तर बायको दारातच उभी. सभेतलं तिच्या कानावर आधीच पोचलं होतं, फोनवर सगळं फिरतं. मी बूट काढत असताना म्हणाली, "पोरीसाठी गेला होतात की तिचा भाव करायला?"

"तुला यातलं कळत नाही."

"नसेल कळत. तिचं नाव एकदा तरी काढलंत का?"

आत खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. लेक पलंगावर बसून ऐकत होती. मी बघितलं तसं तिनं दार हळूच लोटून घेतलं.

मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो, त्यांनी परत विचारायला पाहिजे होतं. पहिल्या नाहीवर गिऱ्हाईक सोडून जाणारा माणूस धंद्यात टिकत नाही, मग तो शाळा कशी चालवतो? बायको म्हणते, शाळा म्हणजे धंदा नाही. असेल. पण पोरं समोर बसवायची की नाही हे हात वर करून ठरवणाऱ्यानं निदान एकदा तरी खाली उतरून विचारावं, बाबा, तुझं नक्की काय म्हणणं आहे? हा माझा सल आहे आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंचा निरोप समारंभ झाला. तोही फोनवर. आपल्या जुन्या रितीनं व्हावा असं बाईंनी म्हटलं होतं, म्हणून प्रत्येक पोरानं एक वाक्य बोलायचं ठरलं. लेक सकाळीच उठून बसली. तिनं केस विंचरले, शाळेचा गणवेश घातला. तो तिला आखूड झाला होता, पण तिनं घातला. दोन दिवस ती बाथरूमचा नळ सोडून आत काहीतरी म्हणत होती, असं बायकोनं मला सांगितलं. मी त्या दिवशी गाळ्यावर गेलो नाही. स्वयंपाकघरात उभा राहिलो, तिला दिसणार नाही असा.

पोरं एकेक करून बोलत होती. "बाई, तुमची आठवण येईल." "बाई, तुम्ही आम्हाला रस्ता बघायला शिकवलं." कुणाचा आवाज फुटायचा, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी. मग आमच्या लेकीचं नाव आलं. तिनं बटण दाबलं. मान डावीकडे ओढली गेली, डोळे मिटले. पहिलंच अक्षर अडलं होतं.

फोनमधून मुख्याध्यापकांचा आवाज आला. "आवाज येत नाहीये बेटा. माइक चालू कर."

माइक चालूच होता. ती आत कुठेतरी तो शब्द ढकलत होती, मला तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

"नेटवर्क गेलेलं दिसतंय. ठीक आहे, पुढचा..."

"सर, थांबा," बाईंचा आवाज आला. "तिचं नेटवर्क आहे. ती बोलतेय. थांबा जरा." पण तोपर्यंत पुढच्या मुलानं सुरुवात केली होती. दोन आवाज एकमेकांत मिसळले, मग बाईंचा आवाज तुटला, मग नुसतं त्या मुलाचं वाक्य ऐकू आलं. लेकीनं डोळे उघडले. पडद्यावर बघितलं, तिथे आता तो मुलगा होता. तिनं फोन उपडा ठेवला.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो. मला म्हणायचं होतं, लाव परत, मी बोलतो त्यांच्याशी. तिनं मान हलवली. मग ती आत गेली आणि गणवेश बदलून आली.

बाईंनी नंतर फोन केला, ती फोनवर आली नाही. बाईंनी तिला एक निरोप आवाजात पाठवला, तो तिनं ऐकला असेल, मला माहीत नाही. मग बाई गावी गेल्या. तिकडे त्यांची आई वारली, असं कळलं. एकदा मी त्यांना फोन करून म्हटलं, सुट्टीत पोरीला घेऊन येतो, राहू द्या तुमच्याकडे आठवडाभर. त्या हो म्हणाल्या, एका शब्दात. लेक नाही म्हणाली. तिनं ते मान हलवून सांगितलं आणि मी किती समजावलं तरी मान हलवतच राहिली.

शाळा पुढे उघडली, मग परत बंद झाली, मग कायमची उघडली. त्या वर्गाला नव्या मॅडम आल्या. हजेरीला नंबर घ्यायच्या, पोरं हात वर करायची. लेक दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. लेखी परीक्षेत ती कधीच कमी पडली नाही. आता वाशीला कॉलेजात जाते. लोकांना वाटतं शांत मुलगी आहे, संस्कारी आहे. आमच्या सोसायटीतल्या बायका तर कौतुक करतात, उलट उत्तर देत नाही म्हणून.

गेल्या महिन्यात तिला कॉलेजातून घ्यायला गेलो होतो. भूक लागली होती, म्हणून वाशी स्टेशनच्या बाजूच्या एका उडप्याकडे शिरलो. समोरच्या टेबलावर तव्यावरची पावभाजी आली, वरचं लोणी अजून विरघळत होतं. तिनं त्या ताटाकडे बघितलं. मीही बघितलं. पोरगी लहानपणापासून पावभाजीसाठी जीव टाकते. वेटर आला. "बोला मॅडम, काय आणू?"

तिनं ओठ मिटले. मला दिसलं. मी तोंड उघडणार होतो. इतकं सोपं होतं, दोन पावभाजी, लोणी मारून. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. वेटर पाण्याचे ग्लास सरकवत उभा होता, दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं तिकडे मान वळवली.

"इडली," ती म्हणाली. न अडखळता, स्वच्छ.

"आणि साहेब तुम्ही?"

मी म्हटलं, मला पण तीच.

तिला इडली आवडत नाही. ती तिनं सांबारात बुडवून, एकेक तुकडा करून, शेवटपर्यंत खाल्ली.